पुढच्या लढाईत आधी काय संपेल, विमानं की बारूद?

सातपुडा_पायथा:
राम राम मंडळी. जळगावच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला विषय आलाय: ‘पुढच्या पंधरा वर्षांत भारताने लढाऊ विमानांच्या आधी दारूगोळा आणि ड्रोनवर पैसा लावावा.’ बाजू आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरणार, म्हणजे पोरांना दोन्हीकडचं यायला हवं. सध्या त्यांच्या टिपणांत ‘शेजारी विस्तारवादी आहे’, ‘आत्मनिर्भरता काळाची गरज’ असली वाक्यं आहेत. परीक्षक पेंगतील.

मला हवंय ते असं: नेमकं काय कमी पडतं, कुठल्या टप्प्यावर अडतं, भरून यायला किती वेळ लागतो. आणि वरणगाव-भुसावळचे संरक्षण कारखाने हाकेच्या अंतरावर असताना सगळी उदाहरणं युक्रेनचीच कशाला? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, त्यातले १.८० लाख कोटी भांडवली खर्चाला आणि जवळपास १.६१ लाख कोटी पेन्शनला, एवढं आमच्याकडे आहे. पुढचं सांगा.

वखारवाला:
पोरांना आधी ‘वॉर वेस्टेज रिझर्व्ह’ हा शब्द पाठ करायला लावा. घनघोर लढाई ४० दिवस चालली तर पुरेल इतका साठा, असा त्याचा हिशेब. त्याखाली २० दिवसांची एक रेघ आहे, तिच्याखाली गेलं की धोका पत्करला असं धरतात. कॅगच्या (सरकारी लेखापरीक्षकांच्या) २०१७ च्या अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती आहे: १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी पूर्ण ४० दिवसांचा साठा फक्त २० टक्के प्रकारांचा, ५५ टक्के प्रकार २० दिवसांच्या खाली आणि ४० टक्के तर १० दिवसांच्याही खाली. समोरची बाजू म्हणेल आकडा जुना आहे. खरंच जुना आहे. २०१७ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले आणि पुष्कळ खड्डे बुजले. पण खड्डे कशामुळे पडले होते ते कारण जुनं झालेलं नाही.

ते कारण असं. १५५ मिमी तोफेचा ‘एक गोळा’ म्हणजे एक वस्तू नसते. पोलादी बॉडी, आत भरलेलं स्फोटक, टोकाला ते फोडणारा फ्यूज, मागे प्रणोदक चार्ज (गोळा बाहेर ढकलणारी दारू) आणि तो पेटवणारा प्रायमर. यातलं एक जरी नसलं तरी बाकीचं नुसतं वजन. मोठ्या कॅलिबरचा (नळीच्या मापाचा) बराच साठा फ्यूज नसल्याने वापरण्याजोगा नाही, हेही कॅगनेच लिहून ठेवलंय. भराई चांदा आणि बडमाळला, बायमॉड्युलर (तुकडे जोडून वापरायचे) चार्ज नालंदाला, प्रणोदक इटारसी-भंडाऱ्याकडे. साखळीतला सगळ्यात मंद कारखाना जितके देईल तितकेच गोळे महिन्याअखेर तयार. बॉडी घडवणं त्यातल्या त्यात सोपं, खासगी फोर्जिंगवाले ती काढतात. भराई आणि प्रणोदक मात्र रातोरात दुप्पट होत नाही. इमारतींमध्ये सुरक्षित अंतर सोडावं लागतं, एका खोलीत किती माल आणि किती माणसं हे ठरलेलं असतं, आणि घाई केली की जीव जातात. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यातला स्फोट सगळ्यांना आठवत असेल.

आता वजन बघा. तोफांच्या एका रेजिमेंटमध्ये १८ तोफा. दर तोफेला दिवसाला १०० गोळे धरले तर १,८००. एक गोळा ४५ किलोचा धरला तर नुसते गोळेच ८१ टन. चार्ज, फ्यूज, पेट्या वेगळ्या. दहा टनी ट्रक धरा, रोज दहा-बारा गाड्या, एकाच रेजिमेंटला. पिनाका रॉकेट लाँचरची एक बॅटरी (तुकडी) तर ६ लाँचर गुणिले १२, म्हणजे ७२ रॉकेटं ४४ सेकंदांत सोडते. एकेक पावणेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे पाऊण मिनिटात २० टन. ही रॉकेटं ज्या पॉडमध्ये बसतात ते पॉड आपल्या भुसावळच्या फॅक्टरीत बनतात. पॉड आला नाही तर रॉकेट असूनही लाँचर रिकामा. घ्या तुमचं खान्देशी उदाहरण.

कारगिलला १९९९ मध्ये अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं लागली, तीही एवढ्याशा पट्ट्यात. युरोपने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे देऊ म्हणून सांगितलं, मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास दिले होते. पैसे होते त्यांच्याकडे.

ओझर_रनवे:
वखारवाल्या भाऊंचं अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी विरुद्ध बाजूच्या पोरांना दारूगोळा देतो.

मे २०२५ ची सिंदूरची कारवाई ८८ तासांत आटोपली. ४० दिवसांच्या साठ्याची परीक्षा त्यात झालीच नाही. झाली ती हवाई दलाची आणि हवाई संरक्षणाची. आकाश आपलं नसेल तर ते दहा-बारा ट्रक रोज पोहोचणार कसे? डेपो, पूल, रेल्वे यार्ड ही सगळी लक्ष्यंच.

आता हिशेब. हवाई दलाच्या मंजूर स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) ४२. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि हाती २९ उरल्या. तेजस मार्क-१ए ची मागणी ८३ अधिक ९७, एकूण १८०. एका स्क्वाड्रनला १८ धरली तर दहा स्क्वाड्रन. ऐकायला छान. पण त्याच काळात जग्वार, मिराज-२००० आणि मिग-२९ मिळून अकरा-बारा स्क्वाड्रन म्हाताऱ्या होऊन जाणार. म्हणजे सगळी तेजस वेळेवर आली तरी आपण आहे तिथेच. ४२ चा आकडा तेजसने भरत नाही, हे गणित पोरांनी फळ्यावर मांडावं.

आणि वेळेवर येत का नाहीत? सांगाडा उभा आहे, इंजिन नाही. तेजसला लागणारी एफ-४०४ ची ९९ इंजिनं २०२१ मध्ये मागवली, पहिलं हाती पडलं मार्च २०२५ मध्ये. नाशिकच्या तिसऱ्या लाइनवरून पहिलं मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं, त्या लाइनची क्षमता वर्षाला ८. बंगळूरच्या दोन धरून २४. इंजिनं तेवढ्या वेगाने आली तर. फ्यूजविना गोळा आणि इंजिनविना विमान, रोग एकच आहे, त्यामुळे ‘विमानं विरुद्ध दारूगोळा’ ही मांडणीच मला जरा कच्ची वाटते. विषय देणाऱ्याने दिलाय, काय करणार.

धोक्याबद्दल: पाकिस्तानी जे-१०सी विमानांवर चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्रं होती, त्यांचे अवशेष पंजाबात होशियारपूरकडे सापडले. लष्कराच्या उपप्रमुखांपैकी एकांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितलं की त्या लढाईत चीन पाकिस्तानला आपल्या हालचालींची माहिती देत होता. म्हणजे ‘दोन आघाड्या’ म्हणताना दोन्हीकडून रणगाडे येतील असलं चित्र काढायची गरज नाही. एक लढेल, दुसरा बघून सांगेल आणि माल पुरवेल. अशा लढाईत लांबून बघणारं आणि लांबून मारणारं विमान लागतं. अठ्ठावीस-तीस वर्षं जुन्या रडारवर ते भागत नाही.

समुद्राचा कोणी उल्लेखच केला नाही. आकारमानाने आपला सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रावरून होतो. खान्देशाला समुद्र नाही म्हणून विसरू नका, पंपावरचं डिझेल तिकडूनच येतं.

सरकीची_ढेप:
काय भो, सगळे पोलाद आणि इंजिनावर अडलेत. गोळा तोफेतून बाहेर कोण फेकतं? कापूस.

प्रणोदकाचा पाया नायट्रोसेल्युलोज आणि त्याचा उत्तम कच्चा माल म्हणजे सरकीवरची बारीक लव, लिंटर. जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीला ही आखूड लव चिकटून राहते. एक क्विंटल कापूस जिनवला तर ढोबळमानाने ३४ किलो रुई, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. त्या सरकीवरून पाच टक्के जरी लव काढली तरी तीन किलोच्या वर लिंटर. चोपडा, अमळनेर, धरणगाव, शिरपूर, शहादा या पट्ट्यात हंगामात किती कापूस येतो ते तुम्हीच बघा.

मग अडतं कुठे? आपल्याकडे बहुतेक तेल गिरण्या सरकी लवेसकट गाळतात. लव ढेपेत जाते आणि म्हशीच्या पोटात. गिरणीवाल्याचं चुकत नाही. डिलिंटरला (लव काढणाऱ्या यंत्राला) करवतीच्या दातांच्या चकत्या असतात, त्यांना वरचेवर धार लागते, वीज लागते, आणि ढेपेचं वजन घटतं ते वेगळं. लिंटरला भाव आणि कायमचं गिऱ्हाईक असल्याशिवाय तो यंत्र बसवणार नाही. पहिल्या कापणीची लव लांब, ती गाद्या आणि वैद्यकीय कापसाकडे जाते. दुसऱ्या कापणीची आखूड, ती रासायनिक लगद्याला. दोन्ही एकत्र करून विकली की माल परत आलाच म्हणून समजा.

परत येण्याची कारणं पोरांनी वादात वापरावीत, कारण ‘कच्चा माल देशात आहे’ आणि ‘कच्चा माल हाताशी आहे’ यातला फरक तिथेच कळतो. एक, टरफलाचे काळे कण. दोन, तेल आणि माती. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, वेचणीच्या वेळी प्लॅस्टिकच्या गोण्यांचे धागे. पॉलिप्रॉपिलीनचा धागा कापसासारखा रसायनाला दाद देत नाही, तो लगद्यात तसाच राहतो. चार, पावसात भिजलेली सरकी. तिची लव पिवळी पडते आणि सेल्युलोजची साखळी तुटलेली असते. असा एक लॉट कडक, एक मऊ आला की प्रणोदक जळण्याचा वेग बदलतो, वेग बदलला की गोळ्याचा नळीतून सुटण्याचा वेग बदलतो, आणि तोच कोन ठेवूनही गोळा अलीकडे पडतो. अलीकडे म्हणजे आपल्याच माणसांकडे.

युरोपच्या दारूगोळा कंपन्यांचे प्रमुख उघड सांगताहेत की त्यांचं लिंटर मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतं. लाकडाच्या लगद्यापासूनही नायट्रोसेल्युलोज होतं, तिकडे वळणं चालू आहे, पण लगदा बदलला की चार्जची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला तो वळसा घ्यायची गरज नाही. फक्त वेचणीला कापडी झोळी आणि गिरणीला डिलिंटर. यावर अर्थसंकल्पातली एक ओळ खर्च झाली तर विमानाचं एक चाकही कमी होणार नाही.

वखारवाला:
ढेपवाले दादा, मान्य. एक भर: लिंटर कितीही चांगलं असलं तरी तयार प्रणोदक कायम टिकत नाही. ते हळूहळू आपणच विघटन पावतं, त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड शोषायला डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक घातलेला असतो. स्थिरक संपत आला की लॉट नष्ट करायचा. तापमान दहा अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ पार जातो, पत्र्याच्या शेडखाली किती होत असेल याचा अंदाज करा. साठ्याचा आकडा कागदावर ४० दिवसांचा असतो, पण वखार तापलेली असेल तर त्याचं आयुष्य त्याहून लवकर सरतं. थंड साठवणूक हा खर्च कोणाच्या भाषणात नसतो.

मोल्ड_मास्टर:
ड्रोनवर कोणी आलं नाही म्हणून मी येतो. ८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले, असं सरकारी पत्रकार परिषदेत सांगितलं गेलं. त्यातले बरेच आपली रडारं कुठे चालू होतात ते बघायला पाठवलेले. पाडायला एल-७० सारख्या ४० मिमीच्या जुन्या तोफा उपयोगी पडल्या, कारण स्वस्त लक्ष्यावर महाग क्षेपणास्त्र रोज उडवणं परवडत नाही. म्हणून ४० मिमीच्या गोळ्यांचा साठासुद्धा ‘ड्रोन’ या शीर्षकाखालीच मोजा.

आपल्या ड्रोनचं बोलायचं तर फ्रेम, पंखे, वायरिंग, पेट्या इथे होतात. अडतं मोटरच्या चुंबकावर, बॅटरीच्या सेलवर आणि कंट्रोलरमधल्या चिपवर. चीनने ४ एप्रिल २०२५ पासून सात दुर्मिळ मृदा धातूंना निर्यात परवाना लावला, त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम आहेत. गरम झाल्यावरही चुंबकाची ताकद टिकावी म्हणून हे घालतात. चिनी भाग सापडले म्हणून २०२५ च्या सुरुवातीला लष्कराच्या ४०० मालवाहू ड्रोनचे करार रद्द झाले. चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाली, पण योजना मंजूर होणं आणि चुंबक हातात येणं यात काही वर्षं असतात.

दुसरी चूक उंचीची. जळगावच्या मैदानात उडवून दाखवलेला ड्रोन लडाखला का कोसळतो? ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास. समजा ड्रोन मालासकट २० किलोचा आणि खाली त्याच्या पंख्यांचा कमाल जोर ४० किलो, म्हणजे दुप्पट. तेच पंखे, तेच फेरे, वर जोर फक्त २४ किलो. उचलेल, पण वाऱ्याचा झोत आला की सावरायला ताकद उरत नाही. त्यात उणे २० ला लिथियम बॅटरी आपली बरीच क्षमता सोडून देते. म्हणून मोठे पंखे, बॅटरीला ऊब, आणि माल निम्मा. निविदेतल्या ‘पेलोड’च्या आकड्यापुढे उंची लिहिलेली नसेल तर तो आकडा शोभेचा.

आता आपल्या एमआयडीसीवाल्यांसाठी. जळगावला प्लॅस्टिक पाइप आणि चटईवाले पुष्कळ, त्यांना वाटतं दारूगोळ्याची प्लॅस्टिक पेटी म्हणजे जाड डबा. करायचं असेल तर क्रम असा: उद्यम नोंदणी, आयएसओ ९००१, मग जेम (सरकारी खरेदीचं पोर्टल) आणि यंत्र इंडिया किंवा म्युनिशन्स इंडिया या सरकारी संरक्षण कंपन्यांकडे विक्रेता नोंदणी, संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर कोणते भाग देशी हवेत ते बघणं. सूक्ष्म-लघु उद्योगाला अनामत रकमेतून सूट मिळते. पण मोल्ड (साचा) आधी कापू नका. ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती हातात घेऊन, नमुना मंजूर झाल्यावरच मोल्डला पैसा लावा. ड्रॉइंगमध्ये दोन मिलिमीटर बदलले की लाखोंचा मोल्ड भंगारात. इलेक्ट्रॉनिक भाग असेल तर जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाच्या चाचण्या: थंडी, उष्णता, धूळ, कंप, आपट.

प्लॅस्टिक नापास होतं ते बहुधा तीन जागी. रिप्रोसेस (पुन्हा वितळवलेला) दाणा मिसळलेला असला की थंडीत आपटल्यावर कोपरा तडकतो. गॅस्केट वर्षभर दाबून राहिलं की बसतं आणि ओल आत जाते. आणि अँटिस्टॅटिक गुण नसेल तर ठिणगीचा धोका. चटईचा दाणा चटईलाच ठेवा. पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत असा कायदा आहे, उशीर होतो तेव्हा ट्रेड्स या बिल वटवायच्या ऑनलाइन मंचावर बिल वटवता येतं. खेळतं भांडवल सहा महिन्यांचं धरून उतरा.

दीपनगर_फीडर:
छोटंसं. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या २४४ जिल्ह्यांच्या यादीत भुसावळ संवेदनशीलतेच्या तिसऱ्या गटात होतं, मनमाड आणि नाशिक दुसऱ्यात. पाकिस्तानने सप्टेंबर २०२५ मध्ये ७५० किलोमीटर पल्ल्याचं फतह-४ क्षेपणास्त्र दाखवलं. भुसावळ सीमेपासून हवाई अंतराने सहाशे-साडेसहाशे किलोमीटर. जंक्शन, वीज केंद्र आणि दोन फॅक्टऱ्या एकाच तालुक्यात. विमान की दारूगोळा हे दिल्लीत ठरेल, पण ट्रान्सफॉर्मर फुटला तर सुटा ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार याचं उत्तर इथेच लागेल. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर मागणी केल्यापासून यायला कित्येक महिने लागतात आणि तो विशेष वॅगनवरच हलतो. पोरांना हा मुद्दा तिसऱ्या मिनिटाला ठेवा.

सातपुडा_पायथा:
मंडळी, भरपूर झालं, आभार. एक शेवटचं. विरुद्ध बाजूचा एक मुलगा म्हणतो, लष्कराची इन्सास रायफल निवृत्त होतेय म्हणजे वरणगाव संपलं, मग दारूगोळ्यावर पैसा कशाला? काय उत्तर द्यावं?

वखारवाला:
त्याला विचारा, रायफल गेली म्हणजे काडतूसही गेलं का? वरणगाव १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसं काढतंय. इन्सासचं ५.५६×४५ आहे, आणि नव्या सव्वाचार लाख कार्बाइनही त्याच कॅलिबरच्या. अमेठीच्या कोरवा इथली एके-२०३ घेते ७.६२×३९, सहा लाखांवर रायफली. सिग-७१६ रायफल घेते ७.६२×५१, दोन खेपांत मिळून १ लाख ४५ हजारांवर. म्हणजे एका बटालियनमध्ये तीन प्रकारची काडतुसं. दोघांवर ७.६२ लिहिलेलं, पण एकमेकांत चालत नाहीत. पुरवठ्यात पेट्यांची अदलाबदल झाली तर चौकीवर दारूगोळा असून नसल्यासारखा. पेटीवरचा रंग आणि ठसा वेगळा हवा, अंधारात हाताला कळेल असा हवा.

फॅक्टरीच्या दृष्टीने कॅलिबर बदलणं म्हणजे काडतुसाचा पितळी कप ओढण्याचे डाय (साचे), पंच, गेज, तपासणीची नळी, सगळं वेगळं. काडतुसाचं पितळ ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. ते टप्प्याटप्प्याने ओढतात, प्रत्येक ओढीनंतर कडक होतं म्हणून मध्ये तापवून मऊ करतात. शेवटी मानेवर उरलेला ताण काढला नाही तर पावसाळ्यात पितळ आपोआप चिरतं. इंग्रजांच्या काळात इथल्या छावण्यांत हे खूप झालं: काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवायचे, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओल मिळून माना तडकायच्या. म्हणून अडीचशे अंशांच्या आसपास ताण काढायची भट्टी लागते, आणि वखारीशेजारी गोठा किंवा युरियाच्या गोण्या नकोत.

पोरांनी उत्तर देताना हा डाय बदलायला लागणारा वेळ विचारावा. समोरच्याकडे आकडा नसेल.